दुसऱ्याचे काळीज

मराठी माणसाचे काळीज शरीरात नेमके कुठे असते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कवीला विचाराल तर तो छातीवर हात ठेवील. आई लेकराला 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणते तेव्हा तिच्याही मनात हृदयच असते. पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानी उभे राहा आणि कलेजी मागा. खाटीक जे गडद तपकिरी, मऊ आणि वजनदार असे काही तराजूत टाकतो ते हृदय नसते, यकृत असते. जुन्या कोशांतही काळीज या शब्दाला यकृत हा अर्थ दिलेला आढळतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनी धीर, माया आणि दुःख हे सगळे साठवून ठेवले ते उजव्या बरगडीखाली! शाकाहारी वाचकांनी या दृष्टांताबद्दल रागावू नये. पुढचा सारा मजकूर याच अवयवाचा आहे.

दिवाळी अंकातल्या या सदरात दर वर्षी एका माणसाची गोष्ट सांगायची असा माझा शिरस्ता आहे. यंदाचे गृहस्थ अमेरिकन आहेत. मेलेल्या माणसाचे यकृत काढून ते मरू घातलेल्या माणसाच्या पोटात बसवणे हा त्यांचा व्यवसाय. नाव डॉ. टॉमस स्टार्झल. एक्याण्णवावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, २०१७ च्या मार्चमध्ये पिट्सबर्ग शहरी ते वारले. परक्याचे यकृत घेऊन जगलेला माणूस त्यांच्याआधी जगात नव्हता. आज असे लोक मुंबईच्या लोकलमध्ये तुमच्या शेजारी बसून पेपर वाचत असतील आणि तुम्हांला पत्ताही नसेल.

यकृताची थोरवी ते बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. या बाबतीत ते एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखे आहे. वजन सुमारे दीड किलो. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून जाते. साखर साठवणे, ती लागेल तशी काढून देणे, पित्त तयार करणे, रक्तातले विष निवडून टाकणे अशी शेकडो कामे ते एकटे उरकते. जखम झाली की रक्त गोठावे लागते. त्यासाठी लागणारी बहुतेक द्रव्येही तेच बनवते. वाचकांनी ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ तिच्यातच आहे. ज्याचे यकृत सडले त्याचे रक्त गोठत नाही, आणि सर्जनला नेमका त्याच माणसाच्या पोटावर सुरी चालवायची असते.

शिवाय मूत्रपिंडे निकामी झाली तर रक्त धुऊन देणारे यंत्र आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा माणसाला यंत्राला जोडतात आणि तो वर्षानुवर्षे जगतो. बसवलेले मूत्रपिंड अंगी लागले नाही तरी रुग्ण पुन्हा यंत्राकडे परत जाऊ शकतो. यकृताचे काम वर्षानुवर्षे चालवील असे यंत्र अजूनही कोणी केलेले नाही. जुने यकृत कापून बाजूला ठेवले की सर्जनची परतीची वाट बंद झाली. नवे चालले तर माणूस जगला, नाही तर नाही.

अशा धंद्यात कोणी शहाणा माणूस का पडेल? स्टार्झल यांचे घराणे पाहिले तर उत्तर सापडत नाही. आयोवा प्रांतातले ले मार्स हे लहानसे गाव. १९२६ चा जन्म. वडील गावचे वृत्तपत्र चालवीत आणि फावल्या वेळात परग्रहावरच्या विज्ञानकथा लिहीत. मुलाच्या मनात एके काळी पाद्री व्हायचे होते. १९४७ साली आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, आणि मुलगा वैद्यकाकडे वळला. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्याने १९५२ साली डॉक्टरकी तर मिळवलीच, पण मेंदूच्या शास्त्रात संशोधनाची वेगळी पदवीही घेतली. म्हणजे आधी मन, मग मेंदू, आणि शेवटी मुक्काम पोटात!

त्या काळी अवयव बदलण्याची नुसती कल्पना होती, त्यात फट अशी एकच पडली होती. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि तो जगला. पण ते एकाच मुशीतले जुळे होते, म्हणून शरीराने कुरकुर केली नाही. बाकी कोणाचाही अवयव आत आला की आपले शरीर त्याला चोर समजून त्याच्यावर तुटून पडते. आपल्याला जंतूंपासून वाचवणारे शिपाई तेच, पण त्यांना पाहुणा आणि दरोडेखोर यांतला फरक कळत नाही.

स्टार्झल तरुणपणी फ्लोरिडातल्या मायामीला असताना तिथे त्यांनी एका मोटारीच्या गॅरेजात आपली प्रयोगशाळा थाटली होती. कुत्र्याचे यकृत संपूर्ण काढायचे कसे, येथून त्यांची सुरुवात झाली. १९५८ पासून शिकागोत ते कुत्र्याचे यकृत कुत्र्याला बसवू लागले. पहिली कुत्री टेबलावरच मेली. मग काही तासांनी मरू लागली, मग काही दिवसांनी. हे वाचून पुष्कळांचे मन विटेल. माझेही विटले. म्हातारपणी याच माणसाच्या घरात लाडकी कुत्री वावरत असत, हे वाचले तेव्हा त्यात मला काही विसंगती वाटली नाही.

१९६२ साली ते कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरी गेले, आणि तिथे त्यांनी आधी मूत्रपिंडांना हात घातला. शरीराचे शिपाई दाबून ठेवणारे ॲझाथायोप्रिन नावाचे औषध तोवर आले होते, पण एकट्याने ते पुरे पडत नसे. स्टार्झल यांनी त्याला प्रेड्निसोनची जोड दिली, आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. शरीराने मूत्रपिंड झिडकारायला सुरुवात केल्यावरही हे भांडण मिटवता येत होते. शिवाय काही आठवड्यांनी शिपाई आपण होऊन जरा निवळत आणि औषध कमी करता येई. १९६३ मध्ये हे आकडे त्यांनी परिषदेत मांडले तेव्हा जमलेल्या तज्ज्ञांचा विश्वास बसेना. इतके रुग्ण जगलेले त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

याच काळातल्या एका गोष्टीबद्दल मात्र मला हात आखडता घेऊन लिहिता येत नाही. डेन्व्हरला काही मूत्रपिंडे तुरुंगातल्या कैद्यांनी दिली होती. स्वेच्छेने, असे कागदोपत्री होते. गजाआडच्या माणसाची इच्छा कितपत स्व-इच्छा असते, याचा विचार त्या वेळी झाला नाही. तो झाला तेव्हा ही प्रथा बंद पडली. काही रुग्णांना बबून माकडांची मूत्रपिंडेही बसवून पाहिली, पण ती कोणालाच फार काळ लाभली नाहीत. थोर माणसांच्या चरित्रातून ही पाने गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही.

आता १ मार्च १९६३ हा दिवस. तीन वर्षांचा एक मुलगा. जन्मतःच त्याच्या यकृतातून पित्त बाहेर वाहून नेणाऱ्या नळ्या धड नव्हत्या. पित्त आतल्या आत तुंबून यकृताचा दगड झालेला. मुलगा पिवळाजर्द, पोट फुगलेले. यावर दुसरा उपाय नव्हता. स्टार्झल आणि त्यांचे सहकारी यांनी पोट उघडले, आणि जिथे चिमटा लावावा तिथून रक्त येऊ लागले. आधीच्या शस्त्रक्रियांनी आत सारे चिकटून बसले होते. त्यातच तुंबलेल्या रक्ताने फुगलेल्या शिरांचे जाळे. यकृतापर्यंत पोचायलाच तास गेले. रक्त गोठेना. बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या तरी ते थांबेना. मुलगा टेबलावरच गेला. स्टार्झल यांनी आपल्या आठवणींत त्या खोलीचे वर्णन केले आहे. सर्जन भिंतीकडेच्या बुटक्या स्टुलांवर जमिनीकडे पाहत बसून राहिले होते, कोणी कोणाशी बोलत नव्हते, आणि सफाई कामगार येऊन फरशी पुसू लागले होते.

दोन महिन्यांनी, ५ मे रोजी, दुसरा प्रयत्न झाला. या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचा पुरुष, यकृताचा कर्करोग. मुलाच्या मृत्यूवरून धडा घेऊन रक्त गोठवणारी औषधे हाताशी ठेवली होती. रक्त थांबले. नवे यकृत बसले. त्याने कामही सुरू केले! बावीस दिवसांनी तो गृहस्थ वारला, तो मात्र यकृताने नव्हे. शस्त्रक्रिया चालू असताना पायांकडचे रक्त अडून राहू नये म्हणून ते प्लास्टिकच्या नळीतून वळवून हृदयाकडे नेत. त्या नळीत गुठळ्या धरल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन बसल्या. पुढच्या रुग्णांचेही तेच झाले. पहिला रक्त थांबले नाही म्हणून गेला, आणि नंतरचे रक्त थांबवले म्हणून. वैद्यकाच्या इतिहासात यापेक्षा क्रूर थट्टा मी तरी वाचलेली नाही.

डेन्व्हरला पाच जणांवर प्रयत्न झाला. बोस्टनला एकावर, पॅरिसला एकावर. सातांपैकी एकही महिनाभर जगला नाही. हात टेकून सगळ्यांनी थांबायचे ठरवले.

मी इथे क्षणभर थांबतो, कारण या गोष्टीतला खरा प्रश्न माझ्या मते इथे आहे. जे स्वतःला अजून जमलेले नाही ते मरणाऱ्या मुलाच्या अंगावर करून पाहावे काय? "तसाही तो मरणारच होता" हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. या एका वाक्याच्या आधारावर जगात वाटेल ते करता येईल. आणि "नुसते प्रयोग करू नका, सिद्ध झालेलेच करा" हेही उत्तर टिकत नाही. यकृतारोपण सिद्ध व्हायचे तर कोणाच्या तरी पोटातच व्हायला हवे. कुत्र्याचे आतडे आणि माणसाचे पोट यांत फरक आहे. कुत्र्याला बसवताना त्याचे जुने यकृत निरोगी असे. त्या मुलाचे तसे नव्हते, आणि कुठल्याही कुत्र्याने ती गोष्ट आधी शिकवली नसती.

माझ्या मते स्टार्झल यांचे मोठेपण त्यांच्या सुरू करण्यापेक्षा त्यांच्या थांबण्यात अधिक आहे. काय चुकते आहे ते कळेपर्यंत पुढचा रुग्ण घ्यायचा नाही, हे कबूल करायला पाचच प्रयत्न पुरले. आणि थांबले म्हणजे त्यांनी हात धुऊन ग्रंथालयात जाऊन बसणे पत्करले असे नव्हे. मूत्रपिंडांचे काम चालूच होते. यकृतासाठी परत कुत्री. डेन्व्हरला घोडे पाळले आणि त्यांच्या रक्तातून शिपायांना आवर घालणारे एक नवे द्रव्य काढले. तशात १९६४ साली यकृत बदललेल्या एका कुत्र्याने सर्वांना चकित केले. त्याचे औषध चार महिन्यांनी बंद केले, तरी ते दहा वर्षांहून अधिक काळ सुखाने जगले. यकृताला जुळवून घेण्याची कला मूत्रपिंडापेक्षा अधिक येते, असे त्यावरून दिसले. थोरल्या सुनेशी मी केलेली तुलना अगदीच वाया गेली नाही म्हणायची!

१९६७ च्या २३ जुलैला एकोणीस महिन्यांच्या एका मुलीला नवे यकृत बसवले. तिला यकृताचा कर्करोग होता. ती जगली. चालू लागली, बोलू लागली. वर्ष ओलांडले. चारशे दिवसांनी कर्करोग दुसरीकडे उलटून ती गेली, पण दुसऱ्याचे यकृत तिच्या पोटात शेवटपर्यंत काम करीत होते. त्यानंतर १९७० च्या जानेवारीत ज्या लहान मुलीला यकृत मिळाले ती चाळीस वर्षांनंतरही हिंडतीफिरती होती.

एवढे झाले म्हणजे विजय झाला असे वाचकांना वाटेल. नाही झाला. पुढची बारा वर्षे हा धंदा अर्धा तोट्यातच चालला होता. डेन्व्हरच्या पहिल्या १७० रुग्णांपैकी वर्षभर जगलेले साधारण एक तृतीयांश. तीनांतले दोन जात. अमेरिकेत हे काम नेटाने चालू ठेवणारे तेच एक, आणि इकडे इंग्लंडात केंब्रिजला १९६८ पासून डॉ. रॉय काल्न. बाकी पुष्कळ जणांनी एक-दोन प्रयत्न करून नाद सोडला. जाणत्या डॉक्टरांच्या सभेत लोक म्हणत, या पैशांत किती मुलांना लसी टोचता येतील! हा प्रश्नही अगदीच चुकीचा नव्हता.

बाजी पालटली ती मातीने. हो, मातीने. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातली एक औषधकंपनी देशोदेशीची माती मागवून तिच्यात उपयुक्त बुरशी सापडते का ते पाहत असे. नॉर्वेच्या एका उजाड पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघाले. काल्न यांनी १९७८ साली ते प्रथम रुग्णांना दिले. भारी मात्रेने मूत्रपिंडांना इजा होई. स्टार्झल यांनी मात्रा उतरवली, जुने प्रेड्निसोन जोडीला दिले, आणि १९८० साली बारा यकृतरुग्णांपैकी अकरा वर्षभर जगले. ज्यांनी आधी तीनांतले दोन गमावले होते त्यांच्या मनाला हे आकडे वाचताना काय झाले असेल!

दुसरी माती जपानची. त्सुकुबा गावच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून १९८४ साली आणखी एक औषध निघाले. त्सुकुबाचा ट नावात घेऊन त्याला टॅक्रोलिमस म्हणू लागले. जपानी संशोधकांनी परिषदेत उंदरांवरचे आकडे सांगितले तेव्हा फार थोड्यांनी लक्ष दिले. स्टार्झल यांनी दिले, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत, ज्यांचे शरीर यकृत नाकारीत होते आणि दुसरा उपाय उरला नव्हता, अशा रुग्णांना ते प्रथम दिले. आज यकृत बदललेला क्वचितच कोणी असेल ज्याच्या घरात ही गोळी नाही.

१९८१ पासून स्टार्झल पिट्सबर्गला होते. तिथे यकृत बदलण्याची जणू गिरणी सुरू झाली. देशभरातून हताश माणसे येत. कुठल्या तरी दूरच्या गावी अपघातात कोणी मेंदूने मेला की रात्री बारा वाजता दोन तरुण सर्जन बर्फाची पेटी घेऊन छोट्या विमानात बसत. यकृत काढून, थंड द्रवाने धुऊन, पेटीत ठेवून परत निघत. हाती वेळ सहा ते आठ तास. इकडे दुसऱ्या तुकडीने रुग्णाचे पोट उघडायला कधी सुरुवात करायची याचा हिशेब विमानाच्या वेळेवरून. विस्कॉन्सिनच्या डॉ. फोल्कर्ट बेल्झर यांनी १९८७ मध्ये असा द्रव तयार केला की त्यात यकृत जवळजवळ दिवसभर टिकू लागले, तेव्हा कुठे या लोकांना जेवायला उसंत मिळाली. रक्त वळवणारी ती घातकी नळीही तोवर सुधारली होती. गुठळ्या न होऊ देणारा पंप तिला जोडला गेला. १९८३ साली अमेरिकन सरकारच्या तज्ज्ञांनी जाहीर केले की यकृतारोपण हा आता प्रयोग नव्हे, उपचार आहे. पहिल्या मुलाच्या मृत्यूला वीस वर्षे झाली होती.

या माणसाला शस्त्रक्रियेची आवड असेल असे तुम्हांला वाटेल. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की तशी नव्हती. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी त्यांना भीती वाटे. ज्याने आपल्या हाती जीव सोपवला त्याला आपण पुरे पडणार नाही, ही ती भीती. हे मी वाचले तेव्हा माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सर्जनना विचारले, "डॉक्टर, हे खरे असेल?" ते म्हणाले, "ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती मी माझं गळूसुद्धा देणार नाही." या भीतीची किंमत घरानेही मोजली. बाप रात्रंदिवस इस्पितळात. १९७६ साली पहिला संसार मोडला. १९९० मध्ये स्टार्झल यांच्याच हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुरी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

सुरी ठेवल्यावर त्यांनी जे केले ते मला सगळ्यांत आवडते. १९९२ च्या सुमारास त्यांनी आपले जुने, दहा-वीस-तीस वर्षे जगलेले रुग्ण शोधून काढले आणि त्यांना तपासणीला बोलावले. त्यांच्या कातडीचा, गाठींचा, रक्ताचा कण कण तपासला. काही स्त्रियांना पुरुषांची यकृते बसवलेली होती. त्यांच्या कातडीत पुरुषाच्या पेशी सापडल्या! पाहुणा एका खोलीत बसून राहिला नव्हता, तो घरभर पसरला होता, आणि घरानेही त्याला पसरू दिले होते. दोघांनी एकमेकांना कसे सोसले याचा उलगडा या मिसळण्यात आहे, असे स्टार्झल यांचे मत झाले. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. वाद अजून चालू आहे.

मात्र एका बाबतीत त्यांचे मत आपल्या देशाला अडचणीचे आहे. निरोगी माणसाच्या पोटावर सुरी चालवून दुसऱ्याला जगवणे त्यांना रुचत नसे. तरुणपणी त्यांनी नातेवाइकांची मूत्रपिंडे काढली होती, पण सत्तरीच्या दशकात ते त्यातून बाहेर पडले. घ्यायचे तर मेलेल्याकडून, असा त्यांचा कल.

आपल्याकडे गाडी उलटी चालते. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न १९६५ सालीच झाला होता. रुग्ण थोड्या दिवसांत गेला, पण आपले डॉक्टर मागे नव्हते. अडचण निराळी होती. मेंदूने मेलेला माणूस मेला असे मानणारा कायदा आपल्याकडे १९९४ पर्यंत नव्हता. १९९८ साली दिल्लीत यकृतारोपण यशस्वी झाले. आता २०२३ या एका वर्षात भारतात चार हजारांहून अधिक यकृते बदलली गेली. डॉक्टरी कौशल्यात आपण कोणाला हार जात नाही. पण मरणोत्तर अवयव देणारे साऱ्या देशात त्या वर्षी हजाराच्या थोडेसेच वर. बाकीची यकृते कुठून आली? जिवंत माणसांच्या पोटातून, बहुधा घरातल्याच. यकृताचा मोठा तुकडा कापून दिला तरी उरलेले काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते. हे निसर्गाचे औदार्य आपण भरपूर वापरले आहे. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हेही सरकारी आकड्यांतच आहे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तीन वर्षांपूर्वी आपल्या यकृताचा मोठा भाग नवऱ्याला दिला. ते गृहस्थ दारूचा थेंब न शिवलेले. मधुमेह आणि यकृतावरची चरबी यांनी घात केला. आता दोघेही ठणठणीत आहेत. स्टार्झल यांच्याबद्दल वाचत होतो त्या दिवसांत एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मित्र बाजारात गेले होते.

"वहिनी, तुम्हांला भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटली की, भावजी. न वाटायला काय झालं?"

"मग?"

"मग काय! थोरल्या भावजींना साखर. मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. वन्सं तयार होत्या, पण त्यांच्या सासरचे नको म्हणाले. राहिले मी." त्यांनी कप पुढे केला. "मला कोणी 'तू दे' असं म्हणालं नाही हो. अगदी खरं सांगते. पण 'तू नको देऊस' असंही कोणी म्हणालं नाही."

मी काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, "इस्पितळातल्या लोकांनी मला एकटीला बसवून विचारलं, कोणाची बळजबरी नाही ना? मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. यांच्यासाठी मी दिलंच असतं. फक्त मला वाटत होतं, कोणीतरी एकदा विचारावं."

मी त्यांना डेन्व्हरच्या त्या डॉक्टरांची हकीकत सांगितली. जिवंत माणसाकडून घेणे त्यांना पटत नसे, हेही सांगितले. वहिनींनी विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांचं बरोबर असेल. पण इथे वाट पाहिली असती तर हे राहिले नसते." मग त्यांनी विचारले, "भावजी, तुम्ही तो फॉर्म भरला आहे का? मेल्यावर देण्याचा?"

मी भरला होता. "घरी सांगितलं आहे का?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. तेही सांगितले आहे, म्हणालो. वहिनींनी मान डोलावली. इस्पितळातल्या मुक्कामात त्यांना हे पक्के कळले होते की वेळ आल्यावर विचारतात ते घरच्यांना.

तेवढ्यात मित्र भाजीची पिशवी घेऊन आले, आणि वहिनींनी घड्याळाकडे पाहिले. नवाला पाच मिनिटे कमी होती. "आधी गोळी घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि डबी उघडता उघडता माझ्याकडे वळून विचारले, "कुठली म्हणालात ती माती, भावजी? जपानची ना?"